खोक्यावर छापलेली हॉर्सपॉवर

चाकणच्या कारखान्यातली पोलो २०२२ साली बंद झाली, तरी तिच्या जीटी टीएसआयचं नाव निघालं की गाडीवेड्यांचे कान अजून टवकारतात. १.२ लिटरचं छोटं टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी. २०१३ मध्ये ती बाजारात आली आणि लॅपटॉप जोडून पिकअप वाढवणं हा प्रकार आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांच्या पार्किंगपर्यंत पोचला. या गाडीच्या निमित्ताने जे गैरसमज रुजले, तेच आज टर्बो आय-ट्वेंटीपासून अल्ट्रोझ रेसरपर्यंत सगळीकडे ऐकू येतात.

मूळ गैरसमज एकच आहे, बाकीची त्याची पिल्लं. प्रत्येक पार्टची स्वतःची ठरावीक हॉर्सपॉवर असते, असं लोक धरून चालतात. फिल्टरच्या खोक्यावर ‘अधिक ८’, सायलेन्सरच्या खोक्यावर ‘अधिक १२’, म्हणजे दोन्ही लावले की २० वाढले. इंजिन असं बेरीज करत नाही. आत येणारी हवा, तिच्या प्रमाणात पेट्रोल आणि योग्य क्षणी ठिणगी, एवढ्यावर ताकद ठरते. त्या वाटेवर जिथे सर्वांत जास्त अडतंय तिथला पार्ट बदलला तरच फरक पडतो. जिथे अडतच नव्हतं तिथला कितीही महागडा पार्ट लावला तरी हाती शून्य लागतं.

‘फिल्टर बदलला आणि गाडी सुटली’

पहिला पैसा बहुतेक जण इथेच घालतात, म्हणून जरा थांबून बघू. कंपनीच्या फिल्टर-डब्याचं झाकण उघडून त्याचं नळकांडं कुठे जातं ते पाहा. बहुतेक गाड्यांत ते पुढच्या जाळीच्या मागे, बाहेरच्या गार हवेत तोंड उघडून बसलेलं असतं. डबा काढून त्या जागी उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला की इंजिन बोनेटखालची तापलेली हवा ओढू लागतं. बाहेर ३५ अंश आणि बोनेटखाली ६५ अंश धरले, तर त्याच दाबाची हवा जवळपास ९ टक्क्यांनी विरळ होते. साध्या इंजिनात हा थेट तोटा. टर्बो इंजिनात ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बूस्टचं गणित जुळवून तो काही प्रमाणात झाकतो, पण टर्बोला जास्त राबावं लागतं आणि हवा आणखी तापते.

मग गाडी सुटल्यासारखी का वाटते? आवाजामुळे. डबा हवा ओढण्याचा आवाज दाबत होता. तो गेला की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर घुमारा येतो आणि कान मेंदूला फसवतात. आवाज आवडत असेल तर खुशाल घ्या, फक्त आवाजासाठी घेतोय हे ठाऊक असू द्या. कागदी फिल्टर स्वच्छ असेल, तर मूळ ताकदीच्या इंजिनाला त्याची अडचण अगदी किरकोळ असते. तेल लावायच्या फिल्टरचं एक पथ्य आहे: तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, आणि ज्या गाडीत तो सेन्सर आहे ती उगाच अडखळू लागते.

‘इंजिनाला थोडा बॅक प्रेशर लागतोच’

हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्या ठामपणे सांगतात की खोडायला जीव होत नाही. पण कुठल्याही इंजिनाला धूर बाहेर ढकलताना अडथळा नको असतो. गोंधळाचं कारण वेगळं आहे. बिगर-टर्बो इंजिनात धूर वेगाने निघाला, तर त्याच्या पाठी तयार होणारी ओढ पुढच्या फेरीची ताजी हवा आत यायला मदत करते. पाइप फाजील जाड केला की धुराचा वेग पडतो, ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमवर गाडी मेल्यासारखी वाटते. लोक म्हणतात प्रेशर गेला; प्रत्यक्षात वेग गेलेला असतो. टर्बो गाडीत टर्बाइनच्या पुढचा रस्ता जितका मोकळा तितकं बरं.

यावरून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. गाडीतला दुसरा ऑक्सिजन सेन्सर कॅट काम करतोय की नाही हेच बघत असतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि कायद्याने ते प्रदूषण-मानकाचं उल्लंघन ठरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. सायलेन्सरचा शेवटचा डबा तेवढा बदलला तर वाढतो तो मुख्यतः आवाज.

‘रीमॅप म्हणजे फुकटची पॉवर’

टर्बो गाडीत रीमॅपला, म्हणजे ईसीयूमधली फाइल बदलण्याला, खरोखर तोड नाही, हे आधीच सांगतो. कंपनी वेगवेगळे देश, वेगवेगळं पेट्रोल आणि वर्षानुवर्षं न झालेली सर्व्हिसिंग गृहीत धरून इंजिनात राखीव जागा ठेवते. रीमॅप ती जागा वापरतो: बूस्ट वाढतो, ठिणगी थोडी आधी पडते, टॉर्कची मर्यादा वर सरकते. टर्बोत २० ते ३० टक्के वाढ शक्य असते. बिगर-टर्बो स्विफ्टमध्ये वाढवायला बूस्टच नाही, त्यामुळे तिथे पदरात मोजकंच पडतं. तेवढ्याच पैशात चार चांगले टायर येतात आणि फरक जास्त जाणवतो.

पण राखीव जागा वापरली म्हणजे ती संपली. पोलोच्या त्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. १७५ वर ३० टक्के चढवले की २२७ होतात. कागदावर बसतं, पण एकेकाळी असलेली ७५ ची ढील २३ वर येते, आणि संध्याकाळी चांदणी चौकात इंच-इंच सरकताना त्याच क्लचची परीक्षा असते. मॅन्युअल गाडीत वरच्या गिअरला आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, हे क्लच घसरत असल्याचं लक्षण. त्यामुळे गिअरबॉक्स आणि क्लच काय झेलू शकतात ते आधी विचारावं, मॅप नंतर निवडावा.

दुसरी गोम पेट्रोलची. युरोपातून आलेल्या पुष्कळ फायली ९८ ऑक्टेन धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे बीएस-६ आलं तेव्हा साध्या पेट्रोलला किमान ९१ ची अट होती. तीच फाइल इथे जशीच्या तशी टाकली की भार पडल्यावर मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच भलत्याच ठिकाणी पेटतं, नॉकिंग सुरू होतं, ईसीयू ठिणगी मागे खेचतो आणि पैसे देऊन घेतलेली ताकद परत जाते. नशीब वाईट असेल तर पिस्टनही जातो. तेव्हा ‘ही फाइल कुठल्या पेट्रोलसाठी लिहिली आहे?’ हा प्रश्न विचाराच. ट्यूनर तो उडवून लावत असेल तर दुसरा ट्यूनर बघा.

ओबीडीच्या खोबणीत लावायची हजारभर रुपयांची ‘चिप’ मात्र यात मोडत नाही. तसली एक चिप लोकांनी उघडून पाहिली, तर आत लुकलुकणारे दिवे आणि ते लुकलुकवणारं एक छोटं सर्किट निघालं. गाडीशी बोलण्याची सोयच आत नव्हती.

‘शंभर ऑक्टेनमध्ये जास्त दम असतो’

इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं आणि हा समज पक्का झाला. ऑक्टेन म्हणजे दाब आणि उष्णता सोसून वेळेआधी न पेटण्याची क्षमता. लिटरमागे मिळणाऱ्या ऊर्जेशी तिचा संबंध नाही. ज्या इंजिनाचा मॅप त्या क्षमतेचा फायदा घेतो त्याला उपयोग, बाकीच्यांना फक्त बिल. इथेनॉलचं उदाहरण यावर चांगलं आहे. त्याचा स्वतःचा ऑक्टेन शंभरच्या पुढे, पण ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणून ई-२० नॉकिंगला चांगलं तोंड देतं आणि तरी अ‍ॅव्हरेज घटतं. ताकद वाढवलेल्या गाडीत याचा अर्थ असा की इंजेक्टर आणि फ्युएल पंपाला त्याच कामासाठी जास्त इंधन पुरवावं लागतं.

‘मोठा टर्बो लावू, इंटरकूलरचं नंतर बघू’

उलट करा. बाहेर ३५ अंश असताना हवा एक बारने दाबली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण १३० अंशांवर पोचते. ती गार करणं हे इंटरकूलरचं काम. खंबाटकीसारख्या घाटात दोन-तीनदा जोर लावला आणि चौथ्यांदा गाडी सुस्त वाटली, तर टर्बो लहान नसून इंटरकूलर तापलेला असतो. मोठा टर्बो उशिरा जागा होतो. शहरात जिथे गाडी बहुतेक वेळ २००० ते ३५०० आरपीएममध्ये असते, तिथे तो झोपलेलाच राहील. मोठ्या कॅमशाफ्टचंही तेच. इरिडियम प्लग ताकद वाढवत नाहीत, जास्त टिकतात. बूस्ट वाढवल्यावर मात्र प्लगची हीट रेंज आणि गॅप तपासून घ्यावी.

‘डायनोवर आकडा आलाय, खोटं कसं असेल?’

खोटं नसेल, पण अर्धवट असू शकतं. डायनो या ताकद मोजणाऱ्या मशीनने चाकावर मोजलेला आकडा आणि कंपनीने सांगितलेला इंजिनाचा आकडा यांची तुलना होत नाही, कारण मध्ये गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा खातात. शिवाय मशीन हवामानाची दुरुस्ती करतं. एसएई जे-१३४९ पद्धत २५ अंश तापमान धरते. जुनी ‘स्टँडर्ड’ पद्धत निवडली तर तीच गाडी सुमारे चार टक्के जास्त दाखवते, एकही नट न फिरवता. म्हणून त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने, आधी आणि नंतर असे दोन्ही आलेख मागा. आणि टोकाच्या आकड्यापेक्षा मधल्या आरपीएममधली रेघ किती उचलली गेली ते पाहा.

‘मूळ फाइल परत टाकली की कोणाला कळत नाही’

ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची मोजणी बहुतेक आधुनिक गाड्यांत राहते. फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत तर बदल आढळला की गाडीवर ‘टीडी-१’ अशी खूण लागते, आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी मागायला गेलं की ती पुढे येते. विम्याचंही तसंच: बदल न कळवता अपघात झाला तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पार्ट विकत घेताना हा खर्चही किमतीत धरा, कारण विकणारा तो सांगणार नाही.