शीच्या डब्यात डीएनए

नाक मुरडू नका, पण आज आपण शीबद्दल बोलणार आहोत. अमेरिकेत कितीतरी लोक आपली शी डब्यात भरून कुरियरने प्रयोगशाळेत पाठवतात आणि तिथे तिच्यात कर्करोगाचा माग काढतात. अगदी खरं!

त्याचं असं आहे. तुमच्या डोळ्याच्या पेशीत आणि आतड्याच्या पेशीत डीएनएचं पुस्तक एकच असतं. ए, टी, सी, जी या चारच अक्षरांत लिहिलेलं, सुमारे तीन अब्ज अक्षरांचं. मग डोळ्यात आतडं का नाही उगवत? कारण प्रत्येक पेशी नको ते धडे वगळते. "हा धडा परीक्षेला नाही," असं बाई म्हणाल्या की आपण कशी त्यावर फुली मारतो, तसंच. पेशीकडे अशा खुणा बऱ्याच. त्यातली एक म्हणजे मिथाइल: एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स! हा इवलासा गट सी अक्षराला चिकटतो. अक्षर बदलत नाही, पण जनुकाच्या सुरुवातीला अशा फुल्यांची गर्दी झाली की ते जनुक गप्प बसतं.

कर्करोगात या फुल्या भलत्याच जागी पडतात. पेशींची वाढ आवरणारं जनुकच कधी गप्प होतं आणि पेशी वाढतच सुटतात.

पण फुली दिसणार कशी? हाती आलेला डीएनए जेमतेम असतो, म्हणून आधी त्याच्या भरपूर प्रती काढतात. आणि प्रतींत फुल्या उतरतच नाहीत! १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मरियान फ्रॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक युक्ती मांडली. मला ती फार आवडते. प्रती काढण्याआधी डीएनएवर सोडियम बायसल्फाइट टाकायचं. साध्या सीला ते असं बदलतं की प्रतीत तिथे टी उमटतो. मिथाइल चिकटलेल्या सीच्या वाटेला मात्र ते सहसा जात नाही. समजा, अक्षरं आहेत टी-सी-ए-सी-जी आणि फुली आहे फक्त दुसऱ्या सीवर. युक्तीनंतर वाचा: टी-टी-ए-सी-जी. जो सी टिकला, तिथे फुली!

आता शीकडे वळू. आतड्याचं अस्तर सतत झडत असतं आणि त्या पेशी शीबरोबर बाहेर पडतात. पण शीतला बहुतेक डीएनए जीवाणूंचा. त्यातून माणसाची हवी ती जनुकं वेचून काढायची म्हणजे केवढं किचकट काम! मेयो क्लिनिकमधले डॉ. डेव्हिड अल्क्विस्ट वर्षानुवर्षं याच कामाच्या मागे होते. त्यातून आलेल्या 'कोलोगार्ड' चाचणीला अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. ती एनडीआरजी४ आणि बीएमपी३ या दोन जनुकांवरच्या फुल्या बघते, शिवाय आणखी एका जनुकातले बिघाड आणि रक्ताचा अंशही. सुमारे दहा हजार लोकांवर ती करून पाहिली, तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग असलेल्या ६५ जणांपैकी ६० जण तिला सापडले. नुसतं रक्त शोधणाऱ्या चाचणीला ४८.

कधीकधी ती निरोगी माणसावरही शंका घेते, कारण वय वाढतं तशा चांगल्या आतड्यातही काही फुल्या पडतात. म्हणून शंका आली की डॉक्टर दुर्बिणीने आतडं आतून बघतात. आत पॉलिप, म्हणजे छोटासा कोंब, दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे कापून काढतात, त्याचा कर्करोग व्हायच्या आधीच.