ब्लांमांज: युरोपच्या उपासातून आलेलं पांढरं पुडिंग

आज पंडरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात आपण एक जुनं युरोपीय पुडिंग करणार आहोत. नाव आहे ब्लांमांज. फ्रेंचमध्ये ‘ब्लां’ म्हणजे पांढरं आणि ‘मांजे’ म्हणजे खाणं.

आमच्या घरी कुठलंही पुडिंग आलं की सासूबाईंचा पहिला प्रश्न असतो, “अगं, यात अंडं नाही ना?” अंडं नसलं तर जिलेटिन असतं, आणि ते जनावरांची हाडं-कातडी उकळून काढतात. म्हणजे सगळे वाटी घेऊन बसतात आणि त्या एकट्या बाजूला राहतात. मला हे फार खटकायचं. म्हणून मी या पदार्थाच्या मुळाशी गेले, तर तिथे चक्क कोंबडी निघाली!

इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या खानसाम्यांनी साधारण 1390 मध्ये पाककृतींचा एक संग्रह केला. त्यातलं ब्लांमांज म्हणजे तांदूळ, बदामाचं दूध, साखर, मीठ आणि कोंबडीचं बारीक तंतू केलेलं मांस. वरून तळलेले बदाम आणि साखर चढवलेले बडीशेपेसारखे दाणे. तुर्कस्तानात कोंबडीच्या मांसाचं गोड पुडिंग आजही मिळतं.

आता प्रश्न असा, की गाईचं दूध असताना बदामाचं कशाला? कारण उपास. ईस्टरआधीच्या लेंटच्या 40 दिवसांत मध्ययुगीन युरोपात मांस, अंडी आणि दूधही वर्ज्य होतं. मग दुधाच्या जागी बदाम आले आणि कोंबडीच्या जागी मासे. गंमत बघा, आपल्याकडे एकादशीला दूध चालतं, तांदूळ चालत नाही. तिथे तांदूळ चालायचा, दूध नाही.

पुढे मांस गेलं, दूध आलं आणि 19व्या शतकात इंग्रजांच्या घरोघरी ते कॉर्नफ्लोअरने घट्ट होऊ लागलं. कस्टर्ड पावडरचीही कथा अशीच आहे. 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती बनवली, कारण त्याच्या पत्नीला अंडं सोसत नसे. म्हणजे घरातल्या एका माणसासाठी कृती बदलणं ही जुनीच रीत आहे.

आपण कोंबडी गाळू, तांदूळ आणि बदाम ठेवू. छत्तीसगडात तांदळाला काय तोटा!

साहित्य: अर्धा लिटर दूध, 60 ग्रॅम बदाम, 60 ग्रॅम म्हणजे सपाट 6 मोठे चमचे तांदळाचं बारीक पीठ, 70 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, एक छोटा चमचा गुलाबपाणी.

बदाम रात्री भिजवा, सकाळी सोला. एक कप पाण्यात गंधासारखे वाटा आणि मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून घ्या. मी पंडरीच्या कापड बाजारातून आणलेला तुकडा यासाठीच राखून ठेवलाय. या गार बदाम-दुधात तांदळाचं पीठ कालवा, गुठळी राहू देऊ नका. जाड बुडाच्या पातेल्यात दूध, साखर, मीठ गरम करा. आच मंद करून कालवलेलं पीठ हळूहळू ओता आणि ढवळत राहा.

इथेच माझी पहिल्यांदा चूक झाली होती. मिश्रण दाटलं की मी लगेच उतरवलं. गार झाल्यावर पिठाची कच्ची चव लागली. असं का? पिठातला स्टार्च गरम पाणी शोषून फुगतो, त्यामुळे मिश्रण लवकर दाट दिसतं, पण आतून शिजायला त्याला वेळ लागतो. म्हणून बुडबुडे फुटू लागल्यावर पुढे 8 ते 10 मिनिटं मंद आचेवर ढवळा. मग गुलाबपाणी घाला आणि वाट्यांत ओता. वाफ निवली की 4 तास फ्रिजमध्ये ठेवा. हे साच्यातून काढायचं नाही, वाटीतच चमच्याने खायचं. वरून तळलेले बदाम आणि जेवणानंतर खातो ती साखरेची रंगीत बडीशेप.

सासूबाईंना वाटी दिली. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी एकेक जिन्नस मोजून सांगितला. एक चमचा खाऊन त्या म्हणाल्या, “ही तर आपली फिरनीच की!” आणि दुसरी वाटी मागितली.

तुमच्या घरी कोणाला काय चालत नाही, ते आधी विचारा. मग पातेलं चढवा.