लॅपटॉप अडला की आधी दोष कोठे आहे ते पाहा

अहिल्यानगर जिल्ह्यातील कापड व्यापाऱ्यांना २०२५ सालचा मार्च महिना चांगलाच आठवत असेल. रमजान ईद आणि आर्थिक वर्षाची अखेर त्या वर्षी ३१ मार्च या एकाच दिवशी आली. पुढे दुकानात गिऱ्हाईक मावत नाही आणि आत टेबलावर वर्षअखेरीचा हिशेब पडलेला, अशी अवस्था होती. अशा वेळी लॅपटॉप अडला, पडदा काळा पडला किंवा जी.एस.टी.चे पान उघडेनासे झाले की दुकानदाराच्या तोंडचे पाणी पळते. नगरच्या कापड बाजारापासून श्रीरामपूर, संगमनेरच्या पेठांपर्यंत बिल, बँक आणि विवरणपत्र यांसाठी लॅपटॉप लागत नाही असे दुकान आता शोधावे लागेल. माल परराज्यातून आणायचा तर ५० हजार रुपयांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर ई-वे बिल लागते. ते निघाले नाही तर भरलेली गाडी जागेवरच उभी. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क (व्यवहार शून्य असेल तर २० रुपये) आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज.

घाई असली की माणूस पहिला इलाज सुचेल तो करतो, आणि आमच्या बाजारात सर्वांना सुचणारा पहिला इलाज म्हणजे "फॉरमॅट मारून घ्या". दुरुस्तीवाल्याला ते सोपे पडते, कारण दोष शोधण्यात त्याचा वेळ जात नाही. नुकसान मात्र आपले होते. वर्षभराची बिले, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील खाती, व्यापाऱ्यांचे पत्ते, सर्व त्यात जाते. आम्हा कापडवाल्यांना खरे तर हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ठाणात डाग निघाला तर आपण सगळा गठ्ठा जाळत नाही. डाग गिरणीतून आला, वाटेत ताडपत्री फाटली की आपल्याच गोदामात ओल लागली, हे आधी पाहतो. लॅपटॉपच्या बाबतीतही बिघाड चारपैकी एका ठिकाणी असतो: समोरचे संकेतस्थळ, आपले इंटरनेट, ब्राउझर किंवा खुद्द विंडोज. कोठे आहे ते ठरविण्यास बहुधा दहा मिनिटे पुरतात.

दोष आपला नसतो तेव्हा

डिसेंबर २०२४ चे जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ जानेवारी २०२५ होती. ऐन आदल्या दिवशी, १० जानेवारीला, जी.एस.टी.चे पोर्टल दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागले. देशभरातील व्यापारी त्या दिवशी गोल फिरणारे चक्र पाहत बसले होते. कित्येकांनी ब्राउझर काढून पुन्हा टाकला, कोणी लॅपटॉप बगलेत मारून दुरुस्तीच्या दुकानात गेले. लॅपटॉपमध्ये काहीच बिघडलेले नव्हते. सरकारने त्याच दिवशी अधिसूचना काढून जीएसटीआर-१ ची मुदत १३ जानेवारी आणि मासिक ३-बी ची मुदत २२ जानेवारी केली.

म्हणून पान उघडत नसेल तर पहिली परीक्षा मोबाईलवर घ्यावी. मोबाईलचे वाय-फाय बंद करून, त्याच्या स्वतःच्या नेटवर तेच पान उघडून पाहावे. तेथेही उघडले नाही तर दोष समोरच्याचा आहे, लॅपटॉपला हात लावू नये. मोबाईलवर उघडले, तर मोबाईलचे हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडावे. आता लॅपटॉपवर पान आले तर दुकानातील राउटर किंवा केबलची लाइन बिघडली आहे. वीज जाते-येते त्या काळात हे हमखास घडते. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, राउटर बंद पडून पुन्हा नीट उठत नाही आणि बोल लॅपटॉपला लागतो. राउटरची पिन काढून मिनिटभराने लावली की बहुधा काम भागते.

ब्राउझरची दुखणी

हॉटस्पॉटवरही पान आले नाही, पण दुसरी पाने उघडतात, असे असेल तर ब्राउझरकडे वळावे. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणे एकत्र दाबली की इन्कॉग्निटो खिडकी उघडते. या खिडकीत जुन्या कुकीज नसतात आणि आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही चालत नाहीत. पान तेथे सुरळीत चालले तर रोग ओळखला गेला. मग जुन्या खिडकीत त्या एकाच संकेतस्थळाच्या कुकीज व साठा पुसावा. सगळा इतिहास पुसण्याची गरज नसते, आणि पुसायचाच झाला तर जतन केलेल्या पासवर्डांवर खूण नाही याची खात्री करावी, नाहीतर बँकेपासून वाहतूकदारापर्यंत सर्व पासवर्ड नव्याने शोधत बसावे लागेल. एक्स्टेन्शनची यादी उघडून जी आपण टाकलेली नाहीत ती काढून टाकावीत. फुकट पी.डी.एफ. किंवा फुकट फॉन्ट उतरविताना अशी बिनबोलावलेली पाहुणी मंडळी आत शिरतात आणि शोधाचे पान बदलून टाकतात.

"कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा एकाएकी सर्वच पानांवर येऊ लागला, तर आधी कोपऱ्यातील तारीख पाहावी. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची व अखेरची तारीख असते आणि ब्राउझर ती लॅपटॉपच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ चार वर्षे मागे गेले असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून लागूच झालेले दिसत नाही. तारीख दुरुस्त करून वेळ आपोआप लावण्याचे बटण चालू केले की इशारे थांबतात. घड्याळ वारंवार मागे पडत असेल तर जुन्या लॅपटॉपमधील नाण्याएवढी बॅटरी संपली असे समजावे. तिची किंमत किरकोळ असते. मात्र तारीख बरोबर असून इशारा फक्त बँकेच्या पानावर येत असेल, तर पुढे जाऊ नये.

आणखी एक खोड आमच्यासारख्या, उर्दू शाळेत शिकून मराठीत धंदा करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर जास्त दिसते. इंग्रजी, मराठी, उर्दू असे तीन कळफलक त्यात बसविलेले असतात. आल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीत तर फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे इंग्रजीऐवजी उर्दू अक्षरे जात आहेत हे कळत नाही, पासवर्ड पुन्हा पुन्हा नाकारला जातो आणि शेवटी बँक खात्याला कुलूप लावते. घड्याळाशेजारी कोणती भाषा लिहिली आहे ते पाहावे. विंडोजचे बटण आणि स्पेस दाबून ती बदलता येते. उर्दू कळफलक असताना कंट्रोल आणि उजवे शिफ्ट दाबले गेले तर सारा मजकूर उजव्या कडेला जाऊन उलटीकडून सुरू होतो. आमच्या मुनीमजींनी एकदा यालाच व्हायरस ठरवून टाकले होते! कंट्रोल आणि डावे शिफ्ट दाबावे, मजकूर जागेवर येतो.

पडद्यावरचा खोटा हकीम

आता ज्या बिघाडात खरोखर पैसा जातो त्याकडे वळू. काम चालू असता एकदम संपूर्ण पडदा भरून लाल-निळा इशारा येतो, कर्कश आवाज सुरू होतो, "आपल्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा" असे लिहिलेले असते आणि वर मायक्रोसॉफ्टचे चिन्ह. हा विंडोजचा बिघाड नाही. हे फक्त एक जाहिरातवजा पान आहे, जे ब्राउझरला पूर्ण पडदाभर पसरवून बसले आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीही नसतो. खरे-खोटे ओळखण्यास ही एक खूण पुरेशी आहे. फोन केला तर पलीकडचा गोड बोलून लॅपटॉप दुरून चालविण्याचे अॅप टाकायला लावतो आणि मग बँकेचे पान उघडायला सांगतो.

अशा वेळी एस्केपचे बटण काही क्षण दाबून धरावे. पडदा सुटला नाही तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर तेथून बंद करावा. पुन्हा उघडताना "मागील पाने परत आणू का" असे विचारले तर नाही म्हणावे. कोपऱ्यात सारखे इशारे येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी पाहून अनोळखी नावे काढावीत. कधीतरी घाईत "परवानगी द्या" दाबले गेलेले असते. दुकानातील कोणी फोन करून अॅप टाकून बसला असेल तर त्याच्यावर ओरडण्यात वेळ घालवू नये. प्रथम इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे, १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. पैसे गेल्यानंतर पहिल्या तास-दोन तासांत कळविले तर ते वाटेत अडविले जाण्याची शक्यता अधिक असते.

विंडोजच अडली तर

येथे एक साधी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. शट डाऊन आणि रिस्टार्ट या दोन गोष्टी एक नाहीत. हल्लीच्या विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची सोय असते, त्यामुळे शट डाऊन केल्यावरही विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत जतन होतो आणि सकाळी तोच जुना घोळ घेऊन उठतो. रिस्टार्ट केल्यावर मात्र सर्व नव्याने सुरू होते. अडकलेला प्रिंटर, गेलेला आवाज, मंदावलेले यंत्र यांवर पहिला इलाज रिस्टार्टच. पडदा काळा पडला पण पंखा चालू आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबून पाहावीत. त्याने चित्र दाखविणारा भाग नव्याने सुरू होतो. यंत्र नेहमीच मंद असेल तर सी ड्राइव्ह भरला आहे का ते पाहावे. सुरतहून रोज येणारे साड्यांच्या डिझाइनचे फोटो आणि व्हिडिओ कोठे जाऊन साठतात, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात?

यंत्र सुरूच होत नसेल तरीही आतला हिशेब गेला असे समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडले. आपल्या देशातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. इलाज काय निघाला? यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचे आणि ती एक फाइल पुसायची. जगाला अडविणारे संगणक फॉरमॅट न करता उठले, मग आपल्या दुकानातला का उठू नये? सेफ मोडसाठी शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्ट निवडावे. विंडोज मुळीच सुरू होत नसेल तर दोन-तीन अपयशी प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा पडदा ती स्वतःच दाखविते. तेथे शेवटचे अपडेट काढून टाकण्याची सोयही असते. अपडेटचे टक्के पडद्यावर फिरत असताना बटण दाबून यंत्र बंद करणे मात्र टाळावे. निम्मे बिघाड त्यातूनच जन्मतात, असे आमचे मत आहे.

या दुरुस्तीच्या वेळी पुष्कळ नवे लॅपटॉप बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागतात. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, परंतु दुकानाचे खाते बहुधा लॅपटॉप विकणाऱ्या पोराने आपल्या मनाने उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड कोणाकडेच नसतो. लॅपटॉप धड आहे तोवरच ही किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवावी.

जुन्या यंत्रांविषयी थोडेसे. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या फेब्रुवारी २०२३ पासून मिळत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर आज एक, उद्या दुसरे पान बिघडत जाणार; त्याला कुकीज पुसून गुण येणार नाही. तेथे दुरुस्तीवर पैसे घालविण्यापेक्षा नवी विंडोज किंवा नवे यंत्र घ्यावे.

एवढे करूनही दुरुस्तीवाल्याकडे जाण्याची वेळ आलीच, तर पडद्यावरील संदेशाचा मोबाईलने फोटो काढावा आणि आदल्या दिवशी काय नवीन टाकले ते सांगावे. हिशेबाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर रोज घेतलेली असावी आणि ती डिस्क लॅपटॉपला लटकलेली नसावी. नक्कल नसेल तर "आधी डेटा काढून द्या" असे लेखी सांगूनच यंत्र हवाली करावे. मालकीच्या व भागीदारीच्या दुकानांना विवरणपत्र मोबाईलवरील ओटीपीने भरता येते, तेव्हा लॅपटॉप दुरुस्तीत असला तरी कर सल्लागाराच्या संगणकावरून ११ तारीख साधता येते. मर्यादित कंपनी व एलएलपी यांना डिजिटल सही लागते. त्यांनी तिचे टोकन लॅपटॉपच्या पिशवीत राहू न देता आधी काढून घ्यावे.