पीएच. डी. नंतरची संशोधनवृत्ती : अर्ज कसा करावा

पीएच. डी. ची पदवी हाती आली म्हणजे संशोधक पुरता घडला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रबंधाचा विषय बहुधा मार्गदर्शकाच्या छायेत वाढलेला असतो. स्वतः निवडलेला प्रश्न स्वतःच्या बळावर तडीस नेण्याची सवय व्हावी, यासाठी पदवीनंतर ठराविक मुदतीची संशोधनवृत्ती देण्याची पद्धत आहे. तिच्या अर्जाचे मर्म कलकत्ता विद्यापीठातील एका उदाहरणावरून चांगले कळते.

राजाबाई मनोऱ्यामुळे मुंबईकरांस परिचित असलेले दानशूर व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ साली कलकत्ता विद्यापीठासही दोन लाख रुपये दिले. त्यातून त्यांच्या नावाची वृत्ती सुरू झाली. १९१९ साली ती मेघनाद साहा यांना ताऱ्यांच्या वर्णपटांविषयीच्या निबंधाबद्दल मिळाली. साहा त्या वेळी विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापक होते.

निरनिराळ्या ताऱ्यांच्या वर्णपटांत निरनिराळ्या रेषा का दिसतात, हा त्यांचा प्रश्न होता. तीव्र उष्णतेने अणूतील इलेक्ट्रॉन सुटतात. ते किती अणूंतून सुटतील हे तपमान व दाब यांवर अवलंबून असते. म्हणून रेषांतील हा फरक मुख्यतः तपमानाचा आहे, असे साहांनी गणिताने दाखविले. परंतु हा सिद्धांत पडताळून पाहण्याची साधने कलकत्त्यात नव्हती. वर्णपटांचा मोठा अनुभव लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आल्फ्रेड फाउलर यांच्यापाशी होता. प्रेमचंद रायचंद वृत्ती व गुरुप्रसन्न घोष वृत्ती यांच्या आधारे साहा तेथे गेले. तेथे नव्याने लिहिलेला त्यांचा निबंध रॉयल सोसायटीने १९२१ साली प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ते कलकत्त्यास प्राध्यापक म्हणून परतले.

आजच्या उमेदवारानेही अर्जात हेच सांगावयाचे असते : प्रश्न कोणता, तो आपण कोठवर सोडविला, आता कशाची उणीव आहे, आणि ती नेमकी याच ठिकाणी कशी भरून निघेल. कोलकात्यात १८७६ साली स्थापन झालेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, १९१७ ची बोस संस्था व १९३१ ची भारतीय सांख्यिकी संस्था अशी अनेक केंद्रे आहेत. केवळ नावलौकिक पाहून त्यांतील एखादे निवडणे हिताचे नव्हे. आपल्या प्रश्नाला लागणारे उपकरण किंवा जाणकार जेथे असेल, तेच आपले स्थान होय.

प्रथम त्या संशोधकाचे अलीकडचे निबंध वाचावेत. मग एका पानाचे पत्र लिहून आपला प्रश्न मांडावा व संमती मागावी. राष्ट्रीय वृत्तीसाठी मार्गदर्शक व संस्था यांची नावे अर्जातच द्यावी लागतात. म्हणून हे काम आधी उरकावे. दोन वर्षांत होईल तेवढेच योजनेत लिहावे. शिफारसपत्र ज्यांनी आपले काम जवळून पाहिले आहे त्यांचेच घ्यावे, आणि त्यासाठी त्यांना पुरेसा अवधी द्यावा. वयोमर्यादा व पदवीची अट मूळ सूचनेत वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

अर्ज नामंजूर झाला, तरी नीट मांडलेला प्रश्न आपल्यापाशी राहतो. पुढील वर्षीचा अर्ज त्यावरच उभा करता येतो.