अडकलेला प्लग आणि थोडा सब्र

एव्हरशाईन सिटीत पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरणे नवे नाही. जुलै २०१८ मध्ये तर वसई-विरार पट्ट्यात लोकलगाड्याही थांबल्या होत्या. त्याच पाण्यातून आपले टेम्पो जातात आणि रात्रभर दमट हवेत बिल्डिंगखाली उभे राहतात. आपण घरी येऊन अंग पुसतो; टेम्पोच्या इंजिनात शिरलेली ओल कोण पुसणार?

आमच्या शेजारी एक जुना सीएनजी टेम्पो आहे. वालीवच्या कारखान्यांचा माल त्यावर जातो आणि त्याच भाड्यावर घरातल्या मुलांच्या फीचा हिशेब बसतो. गाडी झटके देऊ लागली, तेव्हा थोरल्या मुलाने रविवारी स्वतःच प्लग बदलायला घेतला. तीन प्लग निघाले, चौथा हलेना. त्याने पान्याला लोखंडी पाइप जोडला, तोच अब्बांनी हात धरला. "बेटा, जोर नको. प्लग स्वस्त आहे, हेड महाग आहे."

अब्बांचे म्हणणे खरे होते. प्लगचे अंग पोलादाचे, तर इंजिनाचे हेड बहुधा अॅल्युमिनियमचे. दोन वेगळ्या धातूंमध्ये ओल शिरली की तिथे गंज धरतो. खालच्या बाजूने काजळी साचते आणि आटे जाम होतात. अशा वेळी जोर लावला की पोलादाच्या प्लगबरोबर हेडचे मऊ आटे उखडतात किंवा प्लगच मोडून आत राहतो. मग हेड खोला, लेथवाल्याकडे न्या, नवे आटे बसवा. तेवढे दिवस गाडी उभी आणि भाडे बंद.

मग करायचे काय?

पहिले, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम हेडमधून प्लग काढताना आटे लवकर खराब होतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, काम मोकळ्या हवेत करा आणि जवळपास बिडी-सिगारेट नको. गॅसचा वास आला तर काम तिथेच थांबवा.

दुसरे, प्लगची वायर ओढू नका. टोपी धरून काढा. प्लगभोवतीची माती हवा मारून साफ करा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. मग गंज सोडवणारे तेल आट्यांपाशी सोडा आणि काही तास, जमल्यास रात्रभर, तसेच राहू द्या.

तिसरे, बरोबर मापाची प्लगची गोटी सरळ बसवा. तिरकी बसली तर वरची चिनीमाती फुटते. थोडे सैल करा, पुन्हा थोडे आवळा, थोडे तेल सोडा, परत सैल करा. असे मागेपुढे करतच प्लग बाहेर येतो. हातोडा आणि लांब पाइप दूर ठेवा.

तरीही हलला नाही, तर मिस्त्रीला बोलवा. थांबण्यात कमीपणा नाही.

नवा प्लग आधी बोटांनीच फिरवा. सहज फिरला म्हणजे आटे बरोबर लागले. अडला तर काढून पुन्हा लावा. किती आवळायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढाच आवळा, "अजून थोडा" म्हणत आवळलेला प्लग पुढच्या वेळी अडकतो. सीएनजीवर प्लग लवकर झिजतात, म्हणून ते वेळेवर काढून पाहिले तर जाम होण्याची वेळच सहसा येत नाही.

एक लक्षात ठेवा, डिझेल ट्रकला असा ठिणगीचा प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. काही डिझेल गाड्यांत हीटर प्लग असतो. तो बारीक असतो आणि चटकन मोडतो. अडकला तर घरी हात लावू नका.

शेजारच्या टेम्पोचा चौथा प्लग त्या दिवशी निघाला नाही. रात्रभर तेलात राहिला आणि सोमवारी फज्रनंतर, अब्बांच्या देखरेखीखाली, मुलाच्या हाताने हळूच सुटला. आटे शाबूत होते. सकाळच्या फेरीला थोडा उशीर झाला, पण टेम्पो वालीवच्या रस्त्याला लागला.