परीक्षेचे दिवस आणि घरची माणसे

मार्च जवळ आला की आमच्या बेळगावकडील मराठी घरांतून एकच तक्रार ऐकू येते : ‘‘मास्तर, पोराचा अभ्यास कसा घ्यावा? गणित कळत नाही, कानडी तर वाचताही येत नाही.’’ पालकबंधुभगिनींनो, विषय येत नसला तरी अभ्यास घेता येतो.

धडा वाचून झाला की पुस्तक आपल्या हाती घेऊन मिटावे आणि ‘‘आता मला सांग’’ म्हणून ऐकत बसावे. मूल अडखळले तर रागावू नये. त्याचे त्यालाच शोधू द्यावे. रोडिजर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिणारेच पुढे गेले. माझ्या एका विद्यार्थिनीची आई भाकऱ्या थापता थापता कानडीचा धडा मराठीतून सांगून घेई. मग मुलगी तोच कानडीत लिहून काढी.

जागरण टाळावे, वाचलेले झोपेत पक्के होते. तुलना तर नकोच. मी शिक्षक असूनही थोरल्याला त्याच्या खालाच्या मुलाचे गुण ऐकवले, आणि दोन दिवस त्याने माझ्यासमोर पुस्तक उघडले नाही!

कर्नाटकात 2024 पासून दहावीच्या वर्षाला एकाहून अधिक परीक्षा होतात व त्यांतील उत्तम गुण धरतात. पेपर बिघडला म्हणून घरी यायला भिणाऱ्या मुलास हे आदल्या रात्रीच, जेवताना सांगून ठेवावे.