लेकराचा गेम खेळून बघताना

आपली कॉलेजात शिकणारी मुलं आता मोबाईलवर गेम खेळतात, तसे स्वतः बनवतातही. सुट्टीत घरी आलेली लेक किंवा भाचा मोबाईल पुढे करतो, "आये, माझो गेम वायच खेळान बघ." आपण ओले हात पुसतो, दोन बटणं दाबतो आणि "बरो आसा" म्हणून मोबाईल परत देतो. वर म्हणतो, "माका त्यातला काय कळता?" पण गेम बनवणाऱ्याला नेमकं अशाच माणसाचं मत हवं असतं. ते कसं द्यायचं, ते आज बघूया.

मोठ्या कंपनीचा पैसा पाठीशी नसताना, एकट्यानं किंवा चार-दोघांनी मिळून केलेल्या गेमला 'इंडी गेम' म्हणतात. असे पुष्कळ गेम 'गेम जॅम'मध्ये जन्मतात. सुरुवातीला एक विषय जाहीर होतो आणि ठरलेल्या वेळात, बहुतेकदा ४८ तासांत, त्यावर गेम पुरा करायचा असतो. 'लुडम डेअर' नावाचा जॅम २००२ पासून सुरू आहे. त्यात भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून मत देतात. २००९ मध्ये 'ग्लोबल गेम जॅम' सुरू झाला, तो पहिल्याच वर्षी २३ देशांत भरला. २०१३ साली तिथे विषय म्हणून हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला होता. त्यावरून इंग्लंडमधल्या एका चमूनं वेंधळ्या हातांनी हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा गेम केला. तो लोकांना आवडला, म्हणून वाढवून 'सर्जन सिम्युलेटर' या नावानं त्याच वर्षी विक्रीलाही आणला.

दोन दिवसांत केलेला गेम कच्चा असणारच. पण करणाऱ्याला तो कच्चेपणा दिसत नाही, कारण त्याला सगळं पाठ असतं. आपल्या सावंतवाडीची गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते, म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यात पाच अवतारांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक्का! मुरलेल्या खेळाडूला यात काही अवघड वाटत नाही. नवखी बाई मात्र इथेच अडखळते. आपण कुठे अडखळलो, हे तीच सांगू शकते.

म्हणून पहिली गोष्ट, मुलाला सांगा, "तू वायच गप रव, माका खेळाक दे." तो शेजारी बसून "हे दाब, ते दाब" करू लागला, तर गेम स्वतःहून किती समजतो ते कळणार नाही. परगावच्या माणसाच्या शेजारी तो बसलेला नसणार. खेळताना मनात येईल ते मोठ्यानं बोला, म्हणजे त्याला ते टिपून घेता येईल.

दुसरी गोष्ट, झालं काय ते सांगा. "कठीण आहे" म्हटल्यानं त्याच्या हाती काही लागत नाही. "होडी डावीकडे वळवायला गेले, दोनदा खडकावर आपटली, तिसऱ्यांदा कंटाळले," असं सांगा. "अक्षर बारीक आहे, खळ्यात उन्हाला बसून दिसत नाही," हेही सांगा. आवडलेलंही तसंच नेमकं सांगा, "पाण्याचा आवाज ऐकायला म्हणून मी परत तिथे गेले." नाहीतर सुधारणा करताना चांगलं तेच तो काढून टाकायचा.

तिसरी गोष्ट, उपाय त्याच्यावर सोडा. डॉक्टरकडे गेल्यावर आपण दुखतं कुठे ते सांगतो, औषध तो ठरवतो. "खडक काढून टाक" म्हणू नका. कदाचित खडक बरोबर असेल आणि होडीचं वळणं चुकत असेल.

जिथे आपण जाणत्या आहोत, तिथे मात्र बिनधास्त बोला. गेममध्ये एकटाच माणूस रापण ओढताना दिसला तर सांगा, "बाबा, रापणीच्या दोन्ही टोकांना माणसं लागतात." हे त्याला कॉम्प्युटर शिकवणार नाही.

शेवटी विचारा, "हा गेम तू पुढे वाढवणार, की इथेच ठेवणार?" इथेच ठेवणार असेल, तर बारीकसारीक चुकांची यादी नको, पुढच्या खेपेला उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी पुरे.

बचत गटाच्या बैठकीलाही हे करता येईल. पाच जणींनी एकेकटीनं, दुसरीचं न बघता खेळायचं. तिघी एकाच जागी अडल्या, तर त्या तिघी अडाणी ठरत नाहीत. दुरुस्ती त्या जागी हवी, एवढंच ठरतं. "बरो आसा" म्हटल्यानं मुलाला बरं वाटतं, पण त्याचं काम आहे तिथेच राहतं. तुमची दहा मिनिटं आणि दोन खरी वाक्यं मिळाली, तर त्याचा पुढचा गेम सुधारेल. आणि "माका काय कळता?" म्हणायची आपली सवयही थोडी सुटेल.